मोकळ्या ओळीवरचं नाव

"खडू आधी मोडून घे गं. अख्खा खडू फळ्यावर किंचाळतो."

मी शाळेत लागले त्या पहिल्या सकाळी हे वाक्य भिंतीपलीकडून आलं. भिंत आपली म्हणायची. ते होतं घडीचं लाकडी पार्टिशन, एका मोठ्या खोलीचे दोन वर्ग करणारं. दोन्ही चौथीच्याच तुकड्या; पलीकडे थोरल्या बाई, अलीकडे मी. माझ्या हातातला खडू खरंच किंचाळला होता आणि मुलं कानांत बोटं घालून हसत होती. मी खडू मोडला, पुन्हा लिहिलं. पलीकडून आवाज आला, "आता कसं!" तेव्हापासून शाळेत त्या थोरल्या बाई आणि मी धाकट्या बाई.

माझं बोलणं मुळातच हळू. आई म्हणायची, ही बोलते की मनातल्या मनात म्हणते तेच कळत नाही. देवापुढे हात जोडून बसायला तेवढा आवाज पुरतो, चौथीच्या वर्गाला पुरत नाही. थोरल्या बाईंचा आवाजही चढा नव्हता, पण तो पोचायचा. माझ्या वर्गात कालवा वाढला की पलीकडून नुसतं "हं?" यायचं आणि दोन्ही वर्ग चिडीचूप. त्यांच्या मुलांना कळायचं नाही आपलं काय चुकलं, माझ्या मुलांना कळायचं नाही पलीकडून दिसलं कसं. मधल्या सुट्टीत मी संकोचून काही बोलायला गेले तर म्हणायच्या, "अगं, शेजारधर्म. कुणी वाटीभर पीठ देतं, मी आवाज दिला."

या वर्षाच्या सुरुवातीला त्यांचा घसा बसला. आधी सर्दी असेल म्हणून, मग फार बोलणं झालं म्हणून, आणि मग डॉक्टरांनी गळ्यातली गाठ दाखवली. ऑपरेशन झालं. गाठ गेली आणि जाताना आवाज घेऊन गेली. उरली नुसती फुंकर. "जिवावर बेतलेलं आवाजावर निभावलं," असं हेडसर म्हणाले. त्यांना धीरच द्यायचा होता, पण ते ऐकून शिक्षकांच्या खोलीत कुणाला चहा गेला नाही.

पार्टिशनची घडी करून ते भिंतीला लावून ठेवलं. दोन्ही वर्ग माझ्याकडे आले. खोली एकदम केवढी तरी मोठी झाली. फळ्यावर काही अवघड आलं की माझा कान आपसूक उजवीकडे वळतो, आणि उजवीकडे आता फक्त बाकं आणि बाकांवरची मुलं असतात. तीही कधीकधी माझ्या पलीकडे बघत असतात. आम्ही सगळे मिळून एकाच आवाजाची वाट बघतो, पण तसं कुणी बोलत नाही.

बाई शाळेजवळच्याच गल्लीत राहतात, सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या मजल्यावर, भाचीबरोबर. मी भेटायला गेले. भाची दारातच म्हणाली, "आत्या झोपलीय." पुन्हा गेले, तेव्हाही आत्या झोपलेली. तिसऱ्या खेपेला आतून बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला. भाचीनं खाली बघितलं. मीही खाली बघितलं आणि जिना उतरले. त्यांना भेटायचं नाही, हे मला त्या कपानं सांगितलं. मग मी जिना चढणं सोडलं. पण शाळेला जाताना वाट तीच. खिडकी दिसली की पाय रेंगाळायचे.

रोजच्या प्रार्थनेत स्वतःसाठी काही मागायचं नाही, हा माझा जुना नेम. बाईंचा आवाज परत दे, असं म्हणायला ओठ उघडायचे, आणि लक्षात यायचं की तो मला हवाय. मग मी तशीच हात जोडून बसून राहायची.

चौथीच्या पुस्तकात लोकशाहीचा एक धडा आहे. वाचून दाखवला की मुलं पाळीपाळीनं जांभया देतात. म्हणून मी ठरवलं, वाचायचा नाही, करायचा. हेडसरांकडे गेले.

"सर, वर्गात निवडणूक घेऊ का? वर्गाचा प्रतिनिधी निवडायचा."

"घ्या की. पण घोषणा, मिरवणुका नकोत. खाली पहिलीची मुलं झोपतात."

"झोपतात?"

"दुसऱ्या तासानंतर झोपतात. मी बघितलंय. बोललो नाही."

प्रतिनिधीचं काम मी फळ्यावर लिहिलं. आठवड्याच्या शेवटच्या तासाला वर्गाची सभा घ्यायची. ज्याला जे सांगायचं असेल ते ऐकून घ्यायचं. भांडणं मिटवायची. निवडून आलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला सगळ्यांसमोर उभं राहून दोन शब्द बोलायचे.

दोघं उभी राहिली. एक इंजिन. हा मुलगा चालत कधी येतच नाही. धावत येतो आणि तोंडानं हवा सोडत थांबतो. दुसरी वकीलबाई. तिला 'बस' म्हटलं तर ती 'कुठे' विचारते, जागा दाखवली तर 'का' विचारते.

प्रचाराच्या भाषणाला इंजिन उभा राहिला. "मी निवडून आलो तर मधली सुट्टी डबल!"

टाळ्यांचा कडकडाट. वकीलबाईनं बसल्या जागेवरून विचारलं, "घंटा तुझ्या घरची आहे का?"

"शिपाईमामांना सांगीन."

दारात उभे असलेले शिपाईमामा म्हणाले, "सांगून बघ."

मग वकीलबाई उठली. "मी निवडून आले तर गृहपाठ फक्त ज्यांना आवडतो त्यांनाच."

"म्हणजे तुलाच!" मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, आणि हशा पिकला.

मी त्यांना समजावलं. जे आपल्या हातात नाही ते द्यायचा शब्द देऊ नये. जे हातात आहे तेवढंच बोलावं, पण बोललं की पाळावं. तेवढ्यात इंजिननं आपला रबरी चेंडू शेजारच्याच्या दप्तरात सरकवलेला मला दिसला. "हे काय चाललंय?" म्हटलं तर म्हणतो, "बाई, तो माझा मित्र आहे." वकीलबाई म्हणाली, "कालपर्यंत नव्हता." चेंडू टेबलावर आला. लाच म्हणजे काय, हे त्या दिवशी पुस्तकाशिवाय शिकवून झालं.

पहिल्या बाकावर एक मुलगी बसते, सगळे तिला मुंगी म्हणतात. अंगानं एवढीशी, आणि बोलते ते तिच्या तिलाच ऐकू जावं इतकं. थोरल्या बाईंच्या वर्गातली ती. बाई तिच्या बाकापाशी वाकून, कान तिच्या तोंडाजवळ नेऊन ऐकायच्या आणि मग तिचं उत्तर सगळ्या वर्गाला मोठ्यानं सांगायच्या, "ही काय म्हणते ऐका!" बाई गेल्यापासून मुंगीनं हात वर केला नव्हता. त्या दिवशी केला. मी जवळ गेले, वाकले.

"बाई, जो निवडून येईल तो आलाच नाही तर?"

"असं कसं? यावंच लागतं. लोकांनी बोलावलंय ना."

"त्याला यायचं नसलं तरी?"

मला वाटलं, ही दोघांपैकी कुणाच्या आजारपणाबिजारपणाचा विचार करतेय. मी म्हटलं, "यायचं नसेल तर तसं समोर येऊन सांगावं लागतं. घरी बसून नाही म्हणता येत नाही."

मुंगीनं मान डोलावली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसली. मागच्या बाकांवर काहीतरी सरसरत गेलं, गवतातून वारा जावा तसं. दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग अळीमिळी गुपचिळी. मी फळ्याकडे वळले की कुजबुज, वळून बघितलं की साळसूद चेहरे. निवडणूक आली की माणसं कुजबुजतातच, म्हणून मी सोडून दिलं.

मतपत्रिका मी घरी कापल्या. वर इंजिन, खाली वकीलबाई, आणि त्याखाली एक मोकळी ओळ. ती ओळ ही माझीच कल्पना. दोघंही नको असतील त्या मुलानं काय करायचं? त्याचं मत वाया का जावं? म्हणून प्रचाराच्या आधीच वर्गात सांगून ठेवलं होतं, "या दोघांशिवाय दुसऱ्या कुणावर तुमचा विश्वास असेल, तर मोकळ्या ओळीवर ते नाव लिहा." दुसरं कुणी म्हणजे वर्गातलंच कुणी, हे मी बोलले नाही. ते सांगायला हवं असं मला सुचलंच नाही. वर्गाच्या निवडणुकीत वर्गाबाहेरचं कोण येणार?

नकाशाचा स्टँड कोपऱ्यात आडवा लावला, त्याच्यामागे एक स्टूल आणि पेन्सिल. टेबलावर बुटांचं खोकं, झाकणाला चीर पाडलेली. शिपाईमामा दारात बसून प्रत्येकाच्या बोटाला जांभळ्या शाईचा ठिपका लावत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "मतदार का?" रोज त्यांच्याकडे पाणी मागणारी मुलं ताठ मानेनं "हो" म्हणत होती.

एरवी रांगेत ढकलाढकली करणारी ही पोरं त्या दिवशी इतकी शहाण्यासारखी उभी होती की माझ्याच मनात पाल चुकचुकली. मुंगी स्टँडमागे गेली ती बराच वेळ आलीच नाही. वकीलबाई रांगेतून म्हणाली, "लिहिते की चित्र काढते?" मुंगी बाहेर आली तेव्हा तिच्या नाकाला पेन्सिलीचा डाग होता.

मोजणी सगळ्यांसमोर. मी चिठ्ठी उघडायची, वाचायची, वकीलबाईच्या बाजूनं एक आणि इंजिनच्या बाजूनं एक अशा दोघांनी फळ्यावर रेघ मारायची. पहिली चिठ्ठी उघडली. वरच्या दोन नावांवर काही नव्हतं. मोकळ्या ओळीवर लिहिलं होतं, थोरल्या बाई.

मी ती चिठ्ठी बाजूला ठेवली. दुसरी उघडली. थोरल्या बाई. तिसरी इंजिनची निघाली, आणि इंजिन स्वतःच चिडून म्हणाला, "हे कुणी केलं?" मग पुन्हा थोरल्या बाई. एकानं 'त्या' एवढंच लिहिलं होतं. एकानं चष्मा काढला होता, दोन गोल आणि मधे दांडी, आणि शेजारी केसांचा अंबाडा. त्यांचाच, शंकाच नको. खोकं रिकामं होत गेलं तसा माझा वाचायचा आवाज आणखी खाली गेला. शेवटच्या चिठ्ठ्या मी वाचल्याच नाहीत, नुसत्या वर धरल्या. मुलं बघून सांगत होती.

फळ्यावर तिसरा रकाना मुंगीनं आखला, खुर्चीवर चढून. त्यातल्या रेघा ओसंडून चौकटीबाहेर गेल्या.

"बाई," वकीलबाई म्हणाली, "निकाल लागला. मीसुद्धा त्यांनाच—"

"सांगायचं नसतं. मत गुप्त असतं."

"बरं. कुणालातरी दिलं."

तेवढ्यात हेडसर दारात आले. मिरवणूक नाही, घोषणा नाही, तरी काय चाललंय म्हणून आले असावेत. फळा बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"हे काय, बाई?"

"निकाल आहे, सर."

"पण त्या वर्गात नाहीत. शाळेतही नाहीत म्हणायच्या. ही मतं बाद करा आणि उरलेल्यांतून जाहीर करा एक. खेळ तर आहे."

मी सरांना कधी उलट बोललेले नाही. या शाळेत मी कुणालाच उलट बोललेले नाही. पण समोर अख्खा वर्ग बसला होता, बोटाबोटांवर शाई.

"सर, मोकळ्या ओळीवर हवं ते नाव लिहा, असं मी सांगितलं होतं. वर्गातलंच हवं, असं नव्हतं सांगितलं. चूक असेल तर माझी. पण नियम आधी सांगितला तोच राहतो ना? निकाल बघून बदलला तर मी त्यांना काय शिकवलं?"

सरांनी आवाज खाली आणला. "बाई, मला त्या नको आहेत का? पण त्यांना बोलता येत नाही. पोरांची ही पलटण, आणि त्यांच्या गळ्यातून फुंकर निघते. कशा सभा घेणार? हसं होईल त्यांचं. ते तुम्हाला बघवेल?"

मला बघवणार नव्हतं. तेव्हा पहिल्या बाकावरून काहीतरी आलं. मला ऐकू आलं, सरांना नाही.

"काय म्हणतेय ती?"

मी सांगितलं, "म्हणतेय, त्यांना मोठ्यानं बोलावं लागणार नाही. आम्ही एवढे गप्प बसू की फुंकर ऐकू येईल. आमचं सगळ्यांचं तसं ठरलंय."

"हा शब्द इंजिन पाळणार?" सर म्हणाले. वर्ग खो-खो हसला. इंजिनचे कान लाल झाले. तो उठून म्हणाला, "सर, घेऊन बघा परीक्षा."

सर फळ्यापाशी गेले. वर्गाकडे पाठ केली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलले. क्षणात सगळा वर्ग बाकांवर उभा राहिला. "उद्या सुट्टी! उद्या सुट्टी!"

"तसं ते कुणालाही ऐकू येतं, सर," वकीलबाई म्हणाली. "दुसरं काहीतरी बोला. कंटाळवाणं."

सरांना हसू आवरेना, पण त्यांनी पुन्हा पाठ केली. या वेळी मुलांनी श्वास रोखले. बाकं करकरायची थांबली. बाहेरच्या नळाचं ठिबकणं ऐकू येऊ लागलं, खाली पहिलीतलं कुणीतरी पाढे म्हणत होतं तेही. सर काय बोलले, मला कळलं नाही. मी तर त्यांच्यापासून हाताच्या अंतरावर होते. पण सगळ्यात मागच्या बाकावरचा मुलगा उठला, सरळ चालत गेला, आणि त्यानं शेवटची खिडकी बंद केली.

सर वळले. खिडकीकडे बघितलं. मग इंजिनला सणसणीत शिंक आली आणि सगळं हसण्यात बुडालं.

"सर, शिंक मोजू नका," इंजिन रडकुंडीला येऊन म्हणाला.

"नाही मोजली." सर खिशात रुमाल शोधत होते. "आजारी माणसानं आठवड्यातून एक तास वर्गात येऊन बसू नये, असा नियम कुठे असला तर मी शोधतो. नसेल तर नाही सापडणार. पण त्या येतील का, बाई? माझ्यासाठीसुद्धा त्यांचं दार उघडलेलं नाही."

मुंगी माझ्याकडे बघत होती. सगळेच बघत होते. मला बाहेरून आल्यासारखा माझाच आवाज ऐकू आला. "मी आज संध्याकाळी जाऊन निकाल सांगते. त्या येतील असा शब्द देत नाही, ते माझ्या हातात नाही. पण निकाल त्यांच्यापर्यंत पोचेल."

शाळा सुटल्यावर मी गेले. खाली दुकानात चाक उलटं टांगून कुणी आरे आवळत होतं. जिना चढले. भाचीनं दार अर्धं उघडलं आणि माझा चेहरा बघून तिचाच चेहरा पडला.

"आत्या झोप—"

"असू दे. मी आत येत नाही. निकाल कळवायचाय, दारातून कळवते आणि जाते."

"कसला निकाल?"

मी उत्तर दिलं ते तिला नाही, तिच्या खांद्यावरून आतल्या खोलीला दिलं. इतक्या मोठ्यानं मी जन्मात बोलले नसेन. दुकानातलं चाक थांबलं. "चौथीच्या वर्गाची निवडणूक झाली. गुप्त मतदान झालं. वर्गाच्या प्रतिनिधी म्हणून थोरल्या बाई बहुमतानं निवडून आल्या आहेत. उद्या पहिल्या तासाला त्यांनी वर्गासमोर उभं राहायचं आहे."

भाची तोंडावर हात ठेवून उभी. मी वळले, एक पायरी उतरले, आणि मागून भाचीला बाजूला सारत कुणीतरी दारात आलं.

बाई केवढ्या वाळल्या होत्या. गळ्याभोवती राखाडी स्कार्फ. डोळे मात्र तेच, उत्तर तपासणारे. त्यांनी मला आत ओढलं, खुर्चीत बसवलं, आणि माझ्या कानाशी वाकल्या. मी इतके महिने ज्या आवाजाची वाट बघितली तो नव्हता तिथे. गरम हवा होती, आणि हवेत शब्द.

"मोकळी ओळ का ठेवलीस?"

मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. "मत वाया जाऊ नये म्हणून."

"वर्गातलंच नाव, असं सांगायचं होतंस."

"चुकलं."

"मतं बाद करायची होतीस."

"सरही तेच म्हणाले. नाही केली."

त्या माझ्यासमोर बसल्या. थोडा वेळ दम घेतला. मग ओठ हलले. मी वाकून ऐकलं. "इंजिननं कुणाला दिलं?"

"मत गुप्त असतं."

त्यांच्या खांद्यांवरून कळलं की त्या हसतायत. मग हसणं ओसरलं. त्यांनी गळ्याकडे बोट केलं. "घाबरतील गं. नाहीतर हसतील."

मी त्यांना सगळं सांगितलं. मुंगीचा प्रश्न सांगितला, आणि मी तिला काय उत्तर देऊन बसले तेही. सरांची पाठ, नळाचं ठिबकणं, मागची खिडकी. शिंकही सांगितली. "हसले ना, सगळे हसले. पण बाई, तुम्ही होतात तेव्हाही मुलं हसायची. तुमच्यासमोर हसायला मिळत नाही, हेच तर त्यांचं दुखणं आहे."

बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला म्हणायचं होतं, या ना. माझ्यासाठी या. मी रोज कान लावून बसते. पण तेवढं मात्र तोंडातून निघालं नाही. मी गुडघ्यांवर हात ठेवून बसले, प्रार्थनेला बसते तशी.

शेवटी त्यांनी मान हलवली, आडवी. "नाही. नाही म्हणून सांग त्यांना."

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. आज दिवसभरात मी दुसऱ्यांदा उलट बोलत होते. "यायचं नसेल तर समोर येऊन सांगावं लागतं, असं मी त्यांना शिकवलंय. तुमचं 'नाही' तुम्हीच सांगा."

भाची स्वयंपाकघराच्या दारातून पुटपुटली, "ही तर तुझ्यावर गेलीय, आत्या."

बाईंनी तिच्याकडे डोळे वटारले. मग माझ्याकडे बघितलं, कितीतरी वेळ. गणितात अडलेल्या मुलाकडे बघायच्या तसं, पण या वेळी अडलेल्या त्याच होत्या. माझा हात हातात घेऊन त्यांनी श्वास गोळा केला.

"येते. नाही म्हणायला येते."

"शब्द?"

"शब्द. पण न्यायला यायचं नाही. हाताला धरून आणलं असं वाटायला नको."

"नाही येत."

रात्री मी काही मागितलं नाही. नेम पाळला. झोप मात्र लागली नाही.

सकाळी जप झाला, डबा भरला, नेहमीच्या वेळेला निघाले. गल्लीच्या तोंडाशी माझे पाय आपोआप थांबले. न्यायला जायचं नाही, हे कबूल. पण शाळेची वाट तर हीच. मी कोपऱ्यावरच्या बंद दुकानाच्या आडोशाला उभी राहिले.

जिन्यावर पावलं वाजली. बाई खाली आल्या, एकट्या. स्कार्फ नीट गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. वर भाची खिडकीत आली, तिला हातानंच आत जा म्हणून खुणावलं. ओठ हलत होते. नाही कसं म्हणायचं ते घोकत असतील. सायकलवाल्यानं दुकानाचं शटर वर करताना त्यांना बघितलं आणि अदबीनं बाजूला झाला. त्यांनी मान हलवली.

मग त्या शाळेच्या दिशेनं चालू लागल्या. हळू, पण कुठे न थांबता. मी हाक मारली नाही. त्यांना वळण घेऊ दिलं, आणि मग त्यांच्या चालीनं, मागून, निघाले.